मोठ्या अक्षरातले चंपतराव

वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या असं चंपतरावांनी ठरवलं, त्याचं अधिकृत कारण पाण्याची मोटार हे होतं. मोटार वापरात नसली की जाम होते. ती वापरात राहायची तर टाकीतलं पाणी कोणीतरी संपवलं पाहिजे, आणि एकटा माणूस आंघोळ करून करून किती करणार? हे कारण त्यांनी शेजारच्या लक्ष्मणरावांना सांगितलं, दूधवाल्या सखूबाईला सांगितलं, आणि पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मग मोटार विकून टाका." फोन तिथेच संपला.

अनधिकृत कारण असं होतं, की संध्याकाळी दिवा लावल्यानंतर त्या घरात घड्याळाखेरीज कोणी काही बोलत नसे. पण हे कारण कागदावर मांडता येण्यासारखं नव्हतं, आणि कागदावर मांडता येत नाही ते कारणच नव्हे, या समजुतीवर चंपतरावांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त होईपर्यंत ते तहसील कचेरीत नकला देण्याच्या टेबलावर बसले. जमिनीच्या नकलेसाठी त्यांच्यासमोर टोपी हातात धरून उभा राहिला नाही असा शेतकरी आदिलाबादच्या आसपास सापडणं कठीण. त्यांनी कधी कोणाला छळलं नाही. फक्त कोणाला बसाही म्हटलं नाही. त्यामुळे गावात त्यांना मान फार होता आणि येणंजाणं काहीच नव्हतं.

"पाटी लावा ना गेटाले," लक्ष्मणराव म्हणाले. हे जिनिंग फॅक्टरीच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. कापसाच्या गाड्यांच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं खाजगी बोलणंही चौकापर्यंत पोचायचं.

"पाटी लावायला हे किराणा दुकान हाय का? घर लिलावात काढल्यासारखं दिसते."

"मंग लोकाईले कळन कसं?"

या प्रश्नावर उत्तर निघालं ते नागनाथाकडे. १९९९ साल होतं. बसस्टँडासमोरच्या नागनाथाच्या एसटीडी बूथवर 'झेरॉक्स' या पाटीखाली 'इंटरनेट' अशी नवी पाटी चढली होती आणि आत दोन कंप्युटर बसले होते. हैदराबादेत असलेल्या त्याच्या मेव्हण्याने गावाची एक वेबसाइट करून दिली होती. तिच्यात डॉक्टरांचे पत्ते, बियाण्यांची दुकानं, इचोड्याच्या आणि निर्मलच्या बसच्या वेळा असं सगळं होतं. भाड्याच्या घरांसाठी जागा ठेवली होती. तिथे अजून एकही घर नव्हतं.

"साहेब, गेटावरची पाटी रस्त्यानं जानारे वाचते," नागनाथ म्हणाला. "हे जग वाचते."

"जग काय माझ्या घरी राहायला येऊन राह्यलं?"

"जग नाई, पन बदलीवाले येते ना. मास्तर, बँकवाले. समदे पयले माझ्याकडंच येते फोन कराले."

चंपतरावांनी मजकूर घरी बसून तयार केला. भाषा अर्थात कचेरीची इंग्रजी. सुरुवातीला खोल्यांचं वर्णन दीड ओळीत उरकलं आणि मग ते अटींकडे वळले. अटींशिवायचा कागद म्हणजे शिक्क्याशिवायचा दाखला, आणि अटी एकदा सुचायला लागल्या की माणूस थांबत नाही. प्रत्येक अट 'टेनंट शॅल नॉट' या तीन शब्दांनी सुरू होत होती. भाडेकरूने जिना चढताना चपला वाजवू नयेत. शिट्टी वाजवू नये. भिंतीत खिळा ठोकू नये. गच्चीवर मिरच्या वाळवू नयेत. मुलांना पळू देऊ नये. पूर्वसूचनेशिवाय पाहुणे आणू नयेत. दिवेलागणीनंतर भांड्यांचा आवाज करू नये. आणि घरमालकाने स्वतः सुरुवात केल्याशिवाय घरमालकाशी बोलू नये. शेवटची अट लिहून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी पुरं केलं असं त्यांना वाटलं.

मजकूर चढला. त्या पानाला स्वतंत्र पत्ता मिळाला: आधी गावाच्या साइटचं नाव, मग एक तिरपी रेघ, आणि पुढे इंग्रजीत 'चंपतराव'. आपलं नाव रेघेच्या पलीकडे एकटंच उभं असलेलं पाहून चंपतरावांना किंचित भरून आलं.

त्यानंतर कोणीही आलं नाही.

नुसतं कोणी आलं नाही असं झालं असतं तर हे सगळं इथेच संपलं असतं. पण जे आधी येत होते तेही कमी झाले. सखूबाई पूर्वी गेटावर कॅन आपटून "बापू, दूध!" म्हणून ओरडायची. ती आता दूध मुकाट्याने कठड्यावर ठेवून जाऊ लागली, आणि चंपतरावांना कळेपर्यंत त्यातलं निम्मं मांजर पिऊन गेलेलं असे. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं पलीकडच्या गल्लीत गेली. पोस्टमन शिट्टी वाजवत यायचा, तो त्यांच्या घराआधी शिट्टी बंद करून घर ओलांडल्यावर पुढची ओळ घेऊ लागला. आणि एका संध्याकाळी खुद्द लक्ष्मणराव गेटाशी उभे राहून कुजबुजले. लक्ष्मणरावांना कुजबुजायची सवय नसल्यामुळे ते एखाद्या टायरमधून हवा जावी तसं ऐकू आलं.

"तुमाले घशाचं काई झालं का?" चंपतरावांनी विचारलं.

"नाई नाई. तुमाले आवाज खपत नाई ना."

"कोन म्हनते?"

"तुमीच तं लिवलं हाय!"

उलगडा मालनबाईंनी केला. मालनबाई म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नी. त्या कुंपणापलीकडून सगळं ऐकत असत आणि वेळ आली की नवऱ्याचं वाक्य पुरं करत. गावातल्या लोकांना इंटरनेट म्हणजे काय हे पाहायचं होतं. नागनाथाला ते दाखवायचं होतं. अमेरिका दाखवून कोणाला काही कळेना, म्हणून त्याने ओळखीच्या माणसाचं पान दाखवायला सुरुवात केली होती. येणाऱ्याला खुर्चीत बसवायचा, पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करायला लावायचा, आणि पडद्यावर चंपतरावांच्या अटी उमटल्या की म्हणायचा, "पाहा, साहेब कुठं हायेत आन तुमी कुठं हाव!" ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना तो अटी समजावून सांगत होता. लोक भाडेकरू नव्हते. पण चंपतरावसाहेबांनी लेखी दिलंय म्हटल्यावर त्यांनी ते आपलं आपण पाळायला घेतलं होतं.

"तुमच्या अटी वाचून मानूस जेलात जाईन, पन तुमच्या घरी येनार नाई, भाऊजी," मालनबाई म्हणाल्या. "थोडं मऊ लिवा."

मग मऊ करणं सुरू झालं. आधी शिट्टी गेली. ती जाताना चंपतरावांना फारसं काही वाटलं नाही. मग पाहुणे, मग खिळा. मुलांना पळू द्यायला त्यांनी आठवडा घेतला. प्रत्येक वेळी ते नागनाथाकडे रीतसर लेखी अर्ज घेऊन जात: अमुक पत्त्यावरील मजकुरात पुढीलप्रमाणे दुरुस्ती व्हावी ही विनंती. नागनाथ मेव्हण्याला फोन लावी. मेव्हणा हैदराबादेत पान बदली. मग नागनाथ अर्जावरचा पत्ता पाहून आपल्या यंत्रात काहीतरी पुशी, आणि चंपतराव स्वतः टाइप करून खात्री करून घेत. त्याशिवाय ते उठत नसत.

हे पुसणं कशासाठी, ते नागनाथाने एकदा सांगितलं होतं. दर वेळी हैदराबादला लाइन जोडायची तर एसटीडीचं मीटर पळतं. म्हणून त्याने एक यंत्र मधे ठेवलं होतं. एकदा मागितलेल्या पानाची ते नक्कल ठेवून घेई, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच दाखवी. ढाब्यावर सकाळी एकदा डाळ शिजवतात आणि दिवसभर फोडणी देऊन वाढतात, त्यातलाच हा प्रकार.

"म्हनजे अस्सल हैदराबादेत, आन इथं नक्कल," चंपतराव म्हणाले.

"बरोबर साहेब. आन अस्सल बदललं की नक्कल पुसाची."

यात चंपतरावांना समजून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हा त्यांचाच धंदा होता.

अखेर पान इतकं मऊ झालं की त्यात एकही अट राहिली नाही. मोकळ्या जागेत काहीतरी भरायला हवं होतं. लक्ष्मणराव म्हणाले, "'गुड फॅमिली' पायजे असं लिवा. समदेच लिवते. बरं दिसते." ते लिहिलं. मालनबाईंच्या आग्रहाखातर गच्चीवर मिरच्या वाळवता येतील हे लिहिलं. आणि सगळ्यात शेवटी, कोणालाही न विचारता, अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात चंपतरावांनी एक ओळ घातली: संध्याकाळी चहा दिला जाईल.

ही ओळ लिहिणं त्यांना किती जड गेलं हे कोणाला कळण्याचं कारण नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षं कोणाला बसा म्हटलं नाही त्याने साऱ्या जगाला चहाला बोलावलं होतं.

संध्याकाळी ते दूध जास्त घेऊन ठेवू लागले. पायजम्याऐवजी पँट घालून व्हरांड्यात बसू लागले. बसताना पेपर हातात धरत, म्हणजे वाट पाहतोय असं दिसू नये. समोरून लोक जात, त्यांना पाहून नमस्कार करत, आणि चपला न वाजवता पुढे जात. दूध दुसऱ्या दिवशी नासे. चंपतराव ते ओतून देत आणि मनाशी म्हणत, की ठीक आहे. लोकांनी वाचलं, विचार केला आणि नको म्हटलं. अटी वाचून लोक येत नव्हते तोवर दोष अटींचा होता. आता दोष टाकायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

अशातच घरपट्टीची नोटीस आली. घर भाड्याने दिल्याचं आढळून आल्यावरून पट्टी वाढवण्यात का येऊ नये, याचा खुलासा करावा. चंपतराव खुलासा करायला घरपट्टीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून देवाजी त्यांना पाहून ताडकन उठला. त्याने आपली खुर्ची पुसून त्यांना दिली, आणि समोर हात बांधून गप्प उभा राहिला.

चंपतराव तो काय म्हणतो याची वाट पाहू लागले. देवाजी काही म्हणेना. वर पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरच्यांनी लिहिणं थांबवलं.

"बोला ना!" शेवटी चंपतराव म्हणाले.

"आता बोलतो साहेब," देवाजी सुटका झाल्यासारखा म्हणाला. "तुमी सुरुवात केल्याबिगर कसं बोलाचं? अटच हाय तुमची."

"कोनती अट? मी समद्या अटी काढल्या!"

देवाजीने आदबीने कागदांची मिसल उघडली. नोटिशीला आधार म्हणून पानाची छापील प्रत जोडलेली होती. गेल्याच शनिवारी नागनाथाकडून काढलेली. चपला, शिट्टी, खिळा, मिरच्या. सगळे 'शॅल नॉट' जागच्या जागी होते.

"हे जुनं हाय," चंपतराव म्हणाले.

"परवाचंच हाय साहेब."

"घर रिकामं पडलंय, देवाजी. कोनी नाई तिथं. येऊन पाहा."

"येतो ना साहेब," देवाजी म्हणाला, आणि मग विचारात पडला. "पन पूर्वसूचना कोनाकडं द्याची?"

चंपतराव तिथून तडक नागनाथाकडे गेले. रागावलेले होते. पण नीट पाहिलं तर त्या रागाच्या खाली एक बारीकशी आशाही होती. लोकांनी नको म्हटलं नसेल. लोकांना चहाचं कळलंच नसेल.

नागनाथाने त्यांच्या देखत पान उघडलं. नवं. चंपतरावांनी स्वतः टाइप केलं. नवं. 'संध्याकाळी चहा दिला जाईल' ही ओळ तळाशी स्वच्छ दिसत होती.

"देवाजीनं जुना कागद लावला आसन, साहेब."

"देवाजी खोटं बोलनार नाई. त्याच्यात तेवढी हिंमत नाई."

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून ते लक्ष्मणरावांना घेऊन आले. लक्ष्मणराव दुसऱ्या कंप्युटरवर बसले आणि एका बोटाने, अक्षर हुडकत, पत्ता टाइप करू लागले. चंपतराव आपल्या कंप्युटरवर कधीच टाइप करून मोकळे झाले होते. दोन्ही पडदे शेजारी शेजारी होते. चंपतरावांच्या पडद्यावर चहा होता. लक्ष्मणरावांच्या पडद्यावर शिट्टी होती.

मग नागनाथ दोन्ही खुर्च्यांच्या मधे वाकला आणि त्याने आधी एका पडद्यावरचा, मग दुसऱ्या पडद्यावरचा पत्ता वाचला.

"काका, हे तुमी मोठ्या, कॅपिटल अक्षरात काऊन लिवलं? पयलं अक्षर मोठं, रावाचं अक्षर मोठं."

"मंग?" लक्ष्मणराव आपला मूळचा आवाज विसरून गेले होते, तो त्यांना इथे सापडला. बसस्टँडावरची दोन माणसं वळून पाहू लागली. "मोठ्या मानसाचं नाव बारक्या अक्षरात लिवू का मी? साहेब काय शाळेतलं पोट्टं हाय? आन राव म्हनलं तं राव मोठाच पायजे!"

"आन साहेब, तुमी पुरं बारक्या अक्षरात लिवता?"

चंपतराव अवघडले. "आपलं नाव आपनच मोठं कसं लिहाचं? बरं दिसते का ते?" कचेरीतही टिपणाखाली नाव लिहिताना ते कागदाच्या कोपऱ्यात, शक्य तेवढं लहान लिहीत. अर्जावरही त्यांनी पत्ता तसाच लिहिला होता.

नागनाथाने कपाळावर हात मारला. हैदराबादच्या यंत्राला लहानमोठ्या अक्षरांचं काही नव्हतं. कसंही लिहा, ते तेच पान द्यायचं. पण नक्कल ठेवणारं इथलं यंत्र अक्षर न् अक्षर पाहायचं. त्याच्या लेखी बारीक अक्षरातले चंपतराव एक गृहस्थ आणि मोठ्या अक्षरातले चंपतराव दुसरे. दोघांच्या पानांच्या नकला त्याने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. इतके दिवस अर्ज पाहून नागनाथ पुसत होता ती बारीक चंपतरावांची नक्कल. तिचं गिऱ्हाईक गावात एकच होतं, ते म्हणजे स्वतः चंपतराव. बाकी सगळं गाव त्यांना मान देऊन लिहीत होतं, आणि मान देणाऱ्या प्रत्येकाला ते जुने, कडक चंपतराव दिसत होते.

"म्हनजे माझं नवं पान फक्त मीच वाचलं," चंपतराव म्हणाले.

"आन मी," नागनाथ म्हणाला. "तुमी अर्ज आनला का पाहाचो."

दोष काय ते कळलं. पुसून टाकणं मात्र वाटलं तितकं सोपं निघालं नाही. नागनाथाने लक्ष्मणरावांच्या पद्धतीची नक्कल पुसली. दुसऱ्या दिवशी देवाजीला बोलावून टाइप करायला लावलं, तर पुन्हा शिट्टी. देवाजी सरकारी माणूस, त्याने सगळंच नाव मोठ्या अक्षरात ठोकलं होतं. ते पुसलं. शाळेतले मास्तर लोक नावाचं पहिलंच अक्षर मोठं लिहीत, कारण व्याकरण तसं आहे. त्यांची नक्कल आणखी वेगळी. एका बीवाल्या सेठने तर राव बारीक ठेवून अख्खा चंपत मोठा केला होता. तो का, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या शेतीची एक मिसल पूर्वी चंपतरावांकडे बरेच दिवस पडून होती. नागनाथाच्या यंत्रात, गावात त्यांना कोण किती मान देतो याच्या पायऱ्याच्या पायऱ्या साठल्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर मिरच्या वाळवायला मनाई होती.

"आता एक एक पुसत नाई," नागनाथ वैतागून म्हणाला. "पुरी कोठीच रिकामी करतो." त्याने केली. चंपतरावांच्या सगळ्या आवृत्त्या गेल्या. त्यांच्याबरोबर दहावीच्या निकालाची पानंही गेली. ती त्याने सकाळीच, लाइन बरी लागत असताना, खटपट करून भरून ठेवली होती, आणि ती पाहायला दुपारी अर्धं गाव येणार होतं. दुपारी लाइन लागेना. बूथसमोर गर्दी झाली. पोरं, आया, मामा, शिकवणीवाले. "काऊन नाई दिसून राह्यला निकाल?" असं जो विचारी त्याला नागनाथ एकच सांगे, "चंपतरावसाहेबाचं पान साफ कराले गेलो, त्यात गेला." संध्याकाळपर्यंत लाइन लागली आणि निकाल दिसले, पण काही वेळ तरी तालुक्यातल्या प्रत्येक नापास मुलाला नापास होण्याचं एक सन्माननीय कारण मिळालं होतं.

त्या दिवशी चंपतराव घराबाहेर पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते व्हरांड्यात बसले असताना गेट उघडलं. छत्री आणि रेक्झिनची बॅग घेतलेल्या एक बाई आत आल्या. वय पन्नाशीच्या अलीकडे. पायरीपाशी येऊन त्या थांबल्या, आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. चंपतरावांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

"या. बोला ना," ते घाईने म्हणाले.

"मी जयवंताबाई. मराठी शाळेत बदलून आली, भैंशाकडून. खोलीचं पाहाले आली, सर."

चंपतराव उठले. आत स्टोव्हवर चहा ठेवलेला होता, तसा तो रोजच असे. "बसा," ते म्हणाले. हा शब्द त्यांना वाटला होता तितका जड गेला नाही.

जयवंताबाई बसल्या नाहीत. "तुमचं पान मी दोनदा वाचलं, सर. सोमवारी वाचलं ते एक होतं, आज वाचलं ते दुसरंच. खरं कोनतं?"

"आजचं!" चंपतराव म्हणाले. इतक्या खटपटीनंतर हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारला होता. "आजचं खरं. जुनं पूर्ण रद्द."

जयवंताबाईंनी मान हलवली आणि छत्री उचलली. "मंग येते मी."

"काऊन? अहो, त्यात तर एकही अट नाई!"

"एक हाय, सर. 'गुड फॅमिली'." त्यांचा आवाज शांत होता, वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा. "या गावात लय घरं पाह्यली मी. कोनाचीच काई अट नसते. या म्हनते, बसा म्हनते. चहा ठेवते. मंग कप हाती याच्या आदी आडनाव विचारते. सांगतलं, का म्हनते खोली कालच गेली. आमी बौद्ध हाव, सर. आता सांगून देते, म्हनजे तुमचा चहा वाया नाई जानार."

जयवंताबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"तुमचं जुनं पान मी पुरं वाचलं. चपला वाजवू नका, शिट्टी वाजवू नका, खिळा ठोकू नका. मले वाटलं, मानूस कडक हाय. पन याच्या समद्या अटी पाळता येन्यासारख्या हायेत."

आडनावाची अट आपण मोठ्या मनाने गाळली होती असं म्हणायची संधी चंपतरावांना होती. खरं म्हणजे ती त्यांना सुचलीच नव्हती. त्या यादीत फक्त आवाज करणाऱ्या गोष्टी होत्या, आणि जिना चढताना आडनाव वाजत नाही. 'गुड फॅमिली' हे शब्द लक्ष्मणरावांचे, असंही सांगता आलं असतं. पण अर्ज त्यांच्या हातचा होता आणि खाली सही त्यांची होती. आत चहा उकळून वर येत होता. जवळ जवळ सगळा उन्हाळा खर्च करून त्यांनी जे पुसून टाकलं होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदा मनातल्या मनात पाहिलं.

"जुनं खरं," ते म्हणाले.

"समद्या अटी?"

"समद्या."

जयवंताबाईंनी छत्री खाली ठेवली. चंपतराव लगबगीने आत निघाले. "चहा घेऊन येतो."

"चहाचं नव्या पानात होतं, सर," जयवंताबाई म्हणाल्या. "जुन्यात नाई."

चंपतराव दारात थांबले. "नाई," त्यांनी कबूल केलं.

"मंग नको. एकदा ठरलं ते ठरलं."

जयवंताबाई रविवारी राहायला आल्या. लक्ष्मणरावांनी गेटाशी येऊन विचारलं, "कोन हाय बाई? म्हनजे, कुठले? घरचे कोन?"

"अटी वाचून आल्या हायेत," चंपतराव म्हणाले.

लक्ष्मणरावांनी "बरं, बरं" म्हटलं आणि नंतर काही दिवस ते गेटाशी आले नाहीत. मालनबाईंनी मात्र कुंपणावरून मान वर करून विचारलं, "बाई, गच्चीत मिरच्या वाळवान का वो?" वरून उत्तर आलं, "मनाई हाय."

भाडेकरू असा मिळाला होता की साऱ्या तालुक्यात शोधून सापडला नसता. जिन्यावर चपला हातात घेऊन चढणं-उतरणं. पाहुणा नाही. खिळा नाही, बाबासाहेबांची तसबीर भिंतीला टेकवून टेबलावर ठेवलेली. दिवे लागले की वर सगळं शांत. पूर्वी घर रिकामं होतं म्हणून शांत होतं, त्याची चंपतरावांना सवय झाली होती. आता वर एक जितंजागतं माणूस आपल्या शब्दाखातर श्वाससुद्धा जपून घेतंय, ही शांतता वेगळी होती. ती मोडायचा अधिकार एकट्या घरमालकाला होता. रोज सकाळी जयवंताबाई शाळेला निघत तेव्हा ते व्हरांड्यात उभे राहत, सुरुवात काय करावी याचा विचार करत, आणि विचार पुरा होईपर्यंत त्या गेटाबाहेर पडलेल्या असत.

एका संध्याकाळी, दिवे नुकतेच लागले होते, आणि वर काहीतरी पडलं. झाकणी असावी. पडली, कडेवर उभी राहिली, गोल गोल फिरत गेली, भिंतीला आपटली आणि थरथरत थरथरत आडवी झाली. चंपतराव खुर्चीत ताठ बसले.

जिन्यावरून अनवाणी पावलं उतरली. जयवंताबाई दारात उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं होतं. त्या बोलत नव्हत्या.

"लागलं नाई ना?" चंपतरावांनी विचारलं.

"नाई सर. झाकनी सटकली. पुन्हा नाई होनार."

"होऊ द्या," चंपतराव म्हणाले. मग पुढे काहीतरी म्हणायला हवं म्हणून, "काय करून राह्यल्या?"

"भाकर."

"ज्वारीची?"

"ज्वारीचीच."

त्या थांबल्या. चंपतराव पुढचा प्रश्न शोधू लागले. तो सापडेना. तव्यावरची भाकर करपेल म्हणून जयवंताबाई नमस्कार करून वर गेल्या, आल्या तशाच, आवाज न करता.

चंपतरावांनी पेपर उचलला नाही. मान किंचित वर करून ते तसेच बसून राहिले. बाईंकडे आणखी कोणकोणती भांडी असतील, आणि त्यांतलं कोणतं हातातून सटकण्यासारखं असेल, याचा ते विचार करत होते.